बार्जचा होल्ड अर्धा रिकामा का? बुडणं वेगळं, कलंडणं वेगळं

तुमचा प्रश्न असा की बेतीच्या फेरी धक्क्यावरून खनिजाची बार्ज बघितली, पाणी डेकला लागायला आलेलं पण होल्डमध्ये (माल भरायच्या पोटात) माल जेमतेम अर्ध्यापर्यंत, तर जहाज वजनाने बुडतं की मालाच्या आकारमानाने? बुडणं आणि कलंडणं या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसं जिवानिशी जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किती खोल बसणार हे फक्त वजनावर. बार्ज आणि माल मिळून जेवढे टन, तेवढ्या टनांचं पाणी ती बाजूला सारते, बस्स. २००० टन खनिज घातलं काय किंवा २००० टन कोळसा घातला काय, ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेली खोली) तोच. फरक पडतो तो जागेत. बारीक खनिज घनमीटरला साधारण सव्वादोन-अडीच टन भरतं, म्हणजे २००० टनांना आठ-नऊशे घनमीटर पुरतात, कोळशाला जवळजवळ तिप्पट जागा लागेल. म्हणून खनिजात आधी वजनाची हद्द येते आणि होल्ड रिकामा दिसतो. कुणी 'अजून जागा आहे की' म्हणून वर माल टाकायला लागला तर त्याला तिथेच थांबवायचं.

पाणी कुठलं तेही बघावं लागतं. पावसात आगवादचा बार (मांडवीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा) बंद, बार्जी कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत येऊन मुरगाव गाठतात, तेव्हा वर नदी गोडी आणि बाहेर समुद्राचं पाणी घनमीटरला १०२५ किलो. ३.२ मीटर ड्राफ्टची बार्ज खाऱ्यात गेली की आठेक सेंटीमीटर वर येते. उलट्या दिशेने तेवढीच खाली बसते, आणि उथळ जागी आठ सेंटीमीटर म्हणजे थोडे नव्हेत.

आता कलंडण्याचं. इथे वजन किती यापेक्षा ते किती उंचीवर आहे ते महत्त्वाचं. खनिज तळाला बसतं, गुरुत्वमध्य खाली राहतो, जीएम (जहाजाचा सरळ व्हायचा जोर दाखवणारं मीटरमधलं माप) मोठा येतो, जहाज झटकन सरळ होतं. १२ मीटर रुंद जहाजाचा जीएम ४ मीटर असेल तर एक पूर्ण रोल (डोलणं) पाचेक सेकंदांत, जीएम अर्धा मीटर असेल तर तेरा-चौदा सेकंद. झटके देणाऱ्या जहाजावर अंग मोडून निघतं आणि संथ डुलणारं जहाज लोकांना बरं वाटतं, पण माझं विचाराल तर रोल नेहमीपेक्षा संथ झाला की पहिली शंका स्टॅबिलिटीचीच घ्यावी. लाकूड, डेकवरचे कंटेनर असा हलका पण उंच रचलेला माल नेमकं हेच करतो, वजन हद्दीत असतं आणि जीएम गेलेला असतो.

आणि हे सगळं गणित माल जागेवर राहील असं धरून. ताटात पाणी घेऊन चाललं की ते एका कडेला धावतं, अर्धवट भरलेल्या टाकीत तसंच होतं. टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक भिंत घातली तर हा परिणाम चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून भिंती असतात.

पण गोव्याच्या माणसाने सगळ्यात जास्त भ्यावं ते ओल्या फाइन्सना, म्हणजे बारीक भुकटीसारख्या खनिजाला. ढीग कोरडा, घट्ट दिसतो, पण इंजिनच्या थरथरीने आणि लाटांनी कण दाबले जातात, मधलं पाणी सुटतं, कणांची एकमेकांवरची पकड जाते आणि माल चिखलासारखा वाहतो. एका रोलला बाजूला सरकतो, परत येताना पूर्ण येत नाही, पुढच्या रोलला आणखी सरकतो. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि पारादीपजवळ ब्लॅक रोझ, दोन्ही जहाजं लोखंडाच्या फाइन्स घेऊन निघालेली, दोन्ही बुडाली. १ जानेवारी २०११ पासून आयएमएसबीसी कोड (सुटा घन माल जहाजातून नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) बंधनकारक झाला, त्यात मालातला ओलावा टीएमएलच्या (जहाजातून सुरक्षित नेता येईल अशा ओलाव्याच्या कमाल मर्यादेच्या) खालीच हवा.

धक्क्यावर करायची कॅन टेस्ट सोपी आहे. अर्धा ते एक लिटरचा डबा अर्धा मालाने भरायचा, वीसेक सेंटीमीटरवरून कडक जमिनीवर आपटायचा, एक-दोन सेकंदांच्या अंतराने २५ वेळा. वर पाणी चकाकलं किंवा माल पातळ झाला तर लोडिंग थांबवून लॅबची टेस्ट मागायची. काही दिसलं नाही म्हणजे माल सुरक्षित असंही नाही, लॅबचा आकडा लागतोच. आणि सॅम्पल घेतल्यानंतर उघड्या ढिगावर जोराचा पाऊस पडला तर जुना कागद धरायचा नाही, ओलावा नव्याने तपासून घ्यायचा, मग एजंट कितीही घाई करू दे.