कानातली शिट्टी आपोआप जाते, हे सांगितलं कोणी?

गोंगाट आणि धूर यांच्याबद्दल येणारे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात. पण त्रास थांबला की नुकसानही थांबलं, असं बहुतेकांनी धरून ठेवलेलं असतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला याचं उत्तर रोजच द्यावं लागतं, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न: प्रवासात कानात कापूस घातला तर आवाजापासून संरक्षण मिळतं का?

नाही. आवाज जेमतेम कमी होतो आणि आत अडकलेला कापूस काढायला आमच्याकडे यावं लागतं.

प्रश्न: वय २६. महिन्यापूर्वी एका कार्यक्रमात मोठ्या स्पीकरजवळ तीन तास उभा होतो. घरी आल्यावर कानाला दडे बसले होते, शिट्टी वाजत होती. दोन दिवसांत दडे सुटले, पण रात्री सगळं शांत झालं की शिट्टी अजून ऐकू येते. मित्र म्हणतात, सगळ्यांना होतं, जाईल आपोआप. रोज चार-पाच तास इअरफोन वापरतो. काळजीचं कारण आहे का?

आहे. आणि महिनाभर तुम्ही मित्रांवर भरवसा ठेवून बसलात.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात जन्मतः साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आत पोचलेल्या कंपनांचे मेंदूला समजतील असे संदेश करायचं काम त्यांचं. मोठ्या आवाजाने त्या थकतात, फार मोठ्या किंवा फार वेळच्या आवाजाने मरतात. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा तयार होत नाही. त्यावर औषध नाही, ऑपरेशनही नाही. जाहिरातीतल्या थेंबांबद्दल विचारूच नका. कानात घातलेले थेंब धड पडद्यापलीकडे पोचत नाहीत, मग या पेशी लांबच राहिल्या.

आता ते ‘दोन दिवसांत दडे सुटले’. उंदरांवरचा २००९ सालचा एक प्रयोग आमच्या क्षेत्रात चांगलाच गाजला. मोठ्या आवाजानंतर उंदरांचं ऐकणं तपासणीत पूर्ववत झालं होतं, केसपेशीही शाबूत होत्या, पण त्यांना जोडलेल्या चेतातंतूंची टोकं मोठ्या प्रमाणात कायमची नष्ट झाली होती. म्हणजे दडे सुटले, एवढ्यावरून कान सुटला असं म्हणता येत नाही.

वेळेचा हिशेब लोक हमखास चुकतात. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास धरले, तर ८८ ला चार तास उरतात आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. मोठ्या स्पीकरजवळ १०० सहज ओलांडले जातात आणि तुम्ही तिथे तीन तास होतात. इअरफोनचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज ९० वर नेलात तर आठवड्याला चार तास. तेवढे तुम्ही एका दिवसात संपवता.

सुरुवातीला यातलं काहीच जाणवत नाही, कारण आवाजाने ऐकण्यात पडणारा पहिला खड्डा बहुधा ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या, आसपास असतो. रोजचं बोलणं ऐकू येत राहतं. पुढे ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार सुरू होते. स, फ, थ अशी हलकी व्यंजनं निसटतात आणि चारचौघांच्या गलक्यात समोरचा काय म्हणाला हे अंदाजाने जुळवावं लागतं. बरेच जण आमच्याकडे येतात ते इथे पोचल्यावर, तेही घरच्यांनी टीव्हीच्या आवाजावरून भांडून पाठवल्यावर.

तेव्हा या आठवड्यात कान तपासून घ्या आणि ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याची चाचणी, करून घ्या. तपासणीच्या आदल्या दिवशी इअरफोन बंद, गोंगाटात जाणं बंद. शिट्टीचं कारण मळ, कानातलं पाणी किंवा एखादं औषधही असू शकतं. ते कान पाहिल्याशिवाय मी इथून सांगणार नाही, दुसऱ्या कोणी सांगितलं तरी ऐकू नका. गाडीत किंवा बसमध्ये ऐकायचंच असेल तर बाहेरचा आवाज कमी करणारे हेडफोन बरे, कारण मग व्हॉल्यूम चढवावा लागत नाही. व्हॉल्यूम तेवढाच ठेवणार असाल तर पैसे फुकट.

आणि हे सगळ्यांसाठी: एका कानाने अचानक, तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत, ऐकू येणं कमी झालं तर सर्दी असेल, मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो आतल्या कानाचा अचानक बहिरेपणा असला तर स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त होतो, दोन आठवड्यांनंतर घसरत जातो. महिन्याभराने रुग्ण आला की आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

प्रश्न: कारखान्यात फोमचे इअरप्लग मिळतात. घालून काहीच फरक पडत नाही. वेगळी कंपनी घेऊ का?

कंपनी बदलण्याआधी घालायची पद्धत बदला. हात धुऊन कोरडे करा. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. वळलेला प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा येतो. अर्ध्याहून जास्त प्लग बाहेर दिसत असेल तर तो नुसता शोभेचा आहे. मध्ये मध्ये काढून बोलायची सवयही सोडा, गोंगाटातली ती थोडी मिनिटंच दिवसभराच्या संरक्षणावर पाणी फिरवतात. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर आधी दाखवा, मग प्लग. आणि वर्षातून एकदा ऑडिओमेट्री मागून घ्या.

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांची खोली रहदारीच्या रस्त्यावर. ते म्हणतात, मला आवाजाची सवय झाली, झोप छान लागते. खोली बदलावी का?

बदला. सवय होते ती मनाला. झोपेतही मेंदू आवाजाची दखल घेतो, ठोके वाढतात, रक्तदाब थोडा चढतो आणि हे रात्रभर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शनात रस्त्याच्या रहदारीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलखाली असावा असं म्हटलं आहे. शिवाय तोच रस्ता बारीक धूळही आत पाठवतो. त्यातले पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण, फुप्फुसात खोल उतरतात आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढवतात. या कणांसाठी याच संघटनेची २०२१ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आधीच्या निम्मी. मागची खोली नसेल तर खिडकीच्या फटी बुजवा, कारण बराचसा आवाज फटींतून येतो. खिडकीपुढे झाडांची एक रांग लावून आवाज अडत नाही. रक्तदाब घरी मोजून वहीत लिहा आणि ती वही त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःहून वाढवू नका.

प्रश्न: शाळेच्या डोक्यावरून विमानं जातात. मुलाच्या अभ्यासावर परिणाम होतो का?

होऊ शकतो. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडची मुलं तपासली. जुन्याजवळच्या मुलांची दीर्घकालीन स्मरणशक्ती आणि वाचन सुधारलं, नव्याजवळच्यांचं घसरलं. पण मूल मागे पडतंय म्हणून सगळं विमानावर ढकलू नका. आधी त्याचे कान तपासा. मधल्या कानात पाणी साठलेलं मूलही वर्गात ‘लक्ष देत नाही’.

प्रश्न: धुरामुळे नाक चोंदतं. मेडिकलमधून आणलेले थेंब सहा महिने घालतोय. आता त्यांच्याशिवाय झोपच येत नाही.

आता नाक चोंदतं ते बहुधा थेंबांमुळेच. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन यांसारखे थेंब तीन ते पाच दिवसांपुरते असतात. पुढे असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब. ते कसे सोडायचे आणि मध्ये कोणता स्प्रे वापरायचा, हे नाक तपासून ठरवावं लागेल, तेव्हा भेटा. तोवर मिठाच्या पाण्याने नाक धुवायला हरकत नाही. पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच. नळाचं अजिबात नको, त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारा अमीबा नाकात जाऊ शकतो.

प्रश्न: एन-९५ मास्क की साधा सर्जिकल?

धुळीसाठी एन-९५, चेहऱ्याला घट्ट बसत असेल तरच. दाढीवर बसत नाही. वायू यांतला कोणताच मास्क अडवत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: आयन सोडणारा एअर प्युरिफायर घ्यावा, की घरात झाडं ठेवून भागेल?

झाडं हौसेने ठेवा. नासाचा १९८९ चा जो प्रयोग सगळे सांगतात तो छोट्या बंद पेट्यांमध्ये झाला होता, तोही वायूंवर. खोलीतल्या धुळीशी त्याचा संबंध नाही. प्युरिफायर घ्यायचाच तर साधा हेपा फिल्टरचा घ्या. तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. विक्रेते हा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, पण तो फिल्टरमधून जाणाऱ्या हवेचा आहे, तुमच्या खोलीचा नाही. यंत्र खोलीच्या मानाने लहान असेल तर उपयोग शून्य. ओझोन सोडणारी यंत्रं टाळा, आणि आयन सोडणारीही, कारण त्यांतूनही ओझोन निघू शकतो. ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो आणि घरात दमेकरी असेल तर ते यंत्र आणूच नका.

प्रश्न: फुप्फुसं धुऊन काढणारं सिरप मिळतं. प्रदूषणावर घेऊ का? दोन महिने खोकला आहे.

सिरप नको, फुप्फुसं धुणारं औषध नाही. दोन महिन्यांचा खोकला मात्र प्रदूषणाच्या खात्यावर टाकून बसू नका. याच आठवड्यात छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या. सिरप आणलंच असेल तर बाटली डॉक्टरांकडे बरोबर न्या, तिच्यात काय आहे ते त्यांनाही पाहू द्या.