माझा भाऊ ३० वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे. जेवण, औषधं सगळं वेळेवर होतं. त्याचं आयुष्य अजून चांगलं व्हावं म्हणून काय करू?

जेवण-औषधं वेळेवर होतायत म्हणजे तुम्ही खूप करताय, पण मला सांगा, दिवसभरात तो स्वतः काय ठरवतो? मी अशा मोठ्या माणसांसोबत बरीच वर्षं काम करतेय आणि सगळ्यात जास्त फरक मला इथेच पडताना दिसलाय. शालॉक आणि वेर्दुगो या अभ्यासकांनी चांगल्या आयुष्याचे जे ८ भाग मांडलेत त्यात तब्येत, पैसा, नाती, हक्क हे सगळं आहेच, पण स्वतःचे निर्णय स्वतः घेणं हा वेगळा भाग धरलाय.

आता हे करायचं कसं, तर "काय घालतोस?" असं मोघम विचारण्यापेक्षा दोन शर्ट समोर धरा आणि थांबा. खरंच थांबा, उत्तर यायला वेळ लागतो आणि आपण मध्येच बोलून मोकळे होतो. बरेच जण सगळ्यात शेवटचा ऐकलेला पर्यायच बोलून दाखवतात किंवा समोरच्याला बरं वाटावं म्हणून सगळ्यालाच हो म्हणतात, म्हणून थोड्या वेळाने क्रम बदलून परत विचारायचं. बोलत नसेल तर मोबाईलमधले फोटो दाखवा, नजर कुठे जाते, हात कुठे जातो ते बघा. आणि त्याने नाही म्हटलं, आपल्याला गैरसोयीचं असलं तरी, शक्य तिथे त्याचा नकार मान्य करायचा, नाहीतर विचारण्याला अर्थच नाही. मदत लागते म्हणून निर्णयाचा हक्क जात नाही, अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम १२ हेच सांगतं.

दुसरं, अचानक चिडचिड वाढली, झोप बिघडली, डोकं आपटायला लागला तर "त्याचं असंच असतं" असं कोणी म्हटलं, अगदी डॉक्टरांनी म्हटलं, तरी ऐकू नका. आधी कुठे दुखत तर नाही ना ते बघा, दात, कान, बद्धकोष्ठता तपासून घ्या. डोळे आणि ऐकणं अधूनमधून तपासायचंच. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉईडही.

घरच्यांशिवाय त्याला भेटणारं कोणी आहे का? नसेल तर एखादा छंदवर्ग, खेळ, काहीही, पण जिथे लोक त्याला नावाने ओळखतील.

आणि एक वही करा. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, दुखत असलं की तो कसं दाखवतो, सगळं लिहून ठेवा, त्याला सोबत बसवून. हे आज फक्त तुमच्या डोक्यात आहे आणि उद्या दुसरं कोणी त्याच्यासोबत असेल तेव्हा त्यांना हे कुठूनच कळणार नाही.