नेत्रारोग्य, वाचकांचे प्रश्न : दिव्याभोवतीची कडी आणि काचबिंदू

प्रश्न : माझे वय 48 आहे. माझ्या आईला शेवटची काही वर्षे दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते. ‘मोतीबिंदू आहे, पिकला की काढू’ असेच घरात सगळे म्हणत राहिले. अखेर दवाखान्यात नेले, तेव्हा तो काचबिंदू निघाला आणि गेलेली नजर आता परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याआधी दोन-तीन वर्षे तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावताना ज्योतीभोवती रंगीत कडी दिसतात, असे ती म्हणत असे. भुवईवर दुखू लागले की सुंठ उगाळून कपाळाला लावून निजायची आणि सकाळी तिला बरे वाटायचे. ही काचबिंदूची लक्षणे होती का? मला लहानपणापासून अधिक (प्लस) नंबरचा चष्मा आहे आणि त्याने नीट दिसते. मी कशाकडे लक्ष द्यावे?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : पत्रावरून निदान करता येत नाही, परंतु आपण जे बारकाईने लिहिले आहे ते एका विशिष्ट प्रकारच्या काचबिंदूशी फार जुळते. डोळ्याच्या आत सतत एक द्रव तयार होत असतो आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा व पारदर्शक बुबुळ जिथे मिळतात, त्या कोनातून तो बाहेर पडतो. काही जणांचा हा कोन जन्मतःच अरुंद असतो. संध्याकाळी उजेड कमी होऊन बाहुली मोठी झाली की पडदा कोनात दाटतो, द्रव अडतो आणि दाब एकाएकी वाढतो. त्यामुळे बुबुळ किंचित ओलसर, धूसर होते आणि ज्योतीभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसू लागतात. झोपेत बाहुली बारीक होते, कोन मोकळा होतो आणि दुखणे ओसरते. आपल्या आईंना सकाळी बरे वाटण्याचे कारण हेच असण्याची शक्यता आहे. सुंठीला मात्र त्याचे श्रेय मिळाले. मोतीबिंदूतही दिव्याभोवती वलये दिसतात, परंतु ती रोजचीच असतात. काही तास दिसून नाहीशी होणारी वलये आणि त्यांच्या जोडीला भुवईवरची दुखणी असतील, तर कोन तपासून घेण्यास आठवडाभरही थांबू नये. डोळा लालबुंद होऊन असह्य ठणका, उलट्या आणि अंधुक दिसणे सुरू झाले, तर त्याच दिवशी, मग रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. अशा रुग्णाला उलट्यांमुळे पित्ताचे किंवा पोटाचे औषध देऊन घरी ठेवले जाते आणि मोलाचे तास वाया जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

काचबिंदूचा दुसरा प्रकार अशी कोणतीही सूचना देत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. त्यात कोन उघडा असतो, दाब हळूहळू वाढतो, दुखत नाही, डोळा लाल होत नाही आणि समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ वाचता येते. नजर कडेने जाते. त्यातही एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. बाजूला ठेवलेला चहाचा कप हाताला लागून सांडणे, जिन्याची पायरी चुकणे, दाराच्या चौकटीला खांदा लागणे, असे काही होऊ लागते तोवर डोळ्याच्या नसेतले बरेच तंतू गेलेले असतात आणि ते पुन्हा उगवत नाहीत. ‘चष्म्याने नीट दिसते’ हे आपले वाक्य म्हणूनच मला दिलासा देत नाही.

आपल्या बाबतीत आईचा आजार हीच पूर्वसूचना समजावी. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. शिवाय अधिक नंबरचा डोळा आकाराने लहान असल्याने त्याचा कोन अरुंद असण्याचा संभव जास्त. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे. नेत्रतज्ज्ञांना आईची हकिगत सांगा आणि डोळ्याचा दाब, आरशाच्या भिंगातून कोनाची तपासणी, नसेची तपासणी आणि दृष्टिक्षेत्राचा आलेख एवढे करून घ्या. केवळ दाब पाहून भागत नाही. तो साधारणतः पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या दरम्यान असतो, परंतु या मर्यादेत राहूनही नस खराब होऊ शकते. कोन अरुंद निघाला तर लेझरने रंगीत पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडून झटका टाळता येतो. काही मिनिटांचे काम आहे. तोवर सर्दीची आणि पोटातल्या कळांची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांतली काही बाहुली मोठी करतात. आपल्या भावंडांनाही सोबत न्यावे.

प्रश्न : माझ्या 11 वर्षांच्या मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात फार खाजतात. औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांनी लगेच आराम पडतो, म्हणून दोन वर्षे तेच वापरतो आहोत. काही धोका आहे का?
– एक पालक, नांदेड

उत्तर : आहे. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्याने खाज झटपट थांबते, परंतु महिनोन्‌महिने वापरल्यास काही मुलांच्या डोळ्यांचा दाब चढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. आणि मूल तक्रार करत नाही, कारण दुखत नाही. या आठवड्यातच बाटली घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि दाब मोजून घ्या. लवकर लक्षात आल्यास थेंब थांबवल्यावर दाब बहुधा उतरतो. खाजेसाठी स्टिरॉइड नसलेले थेंब मिळतात, आणि थंड पाण्याच्या पट्ट्यांनीही बराच आराम पडतो.