आजोबांचं .३२ पिस्तूल गोव्याच्या हवेत किती टिकेल?

बाब, पेडण्याच्या घरातलं आजोबांचं .३२ पिस्तूल तुमच्या परवान्यावर चढलं, आणि ते किती हजार गोळ्या झेलेल, ऐनवेळी दगा देईल का, असं विचारलंत. पहिली काळजी सोडा. परवान्यावर वर्षाला मोजकीच काडतुसं मिळतात. त्या हिशेबाने नातवंडांच्या काळातही नळी झिजायची नाही.

१९११ साली अमेरिकी लष्कराने कोल्ट कंपनीचं पिस्तूल निवडलं, तेव्हा दोन दिवसांत ६००० फैरी झाडल्या आणि ते एकदाही अडकलं नाही. हा दाखला सगळे देतात. दर हजार फैरींमागे ते साफ करून तेल घालत होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आपल्याकडे पिस्तुलाची वाट लागते ती कपाटात. माझंच सांगतो. एका जूनमध्ये चामडी कव्हरासकट ठेवून दिलं, चवथीच्या गडबडीत विसरलो. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी काढलं तर कव्हराच्या शिवणीची नक्षी स्लाईडवर (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) गंजाने उमटलेली! चामडं ओल धरून ठेवतं. तेव्हापासून कव्हर वेगळं, पिस्तूल वेगळं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला तेलाच्या फडक्याने पुसणं. तुमचं घर किनाऱ्याजवळ असेल तर खारी हवा आहेच, आठवड्याला पुसा. खोबरेल लावू नका (आमच्या काकांनी लावलं होतं). ते खवट होतं आणि धूळ धरतं. बंदुकीचंच तेल घ्या, तेही पातळ हात. तेल ओघळून काडतुसाच्या प्रायमरपर्यंत (पेंदातली ठिणगी देणारी टोपी) गेलं तर काडतूस फुसकं निघू शकतं.

आता दग्याचं. .३२ चं काडतूस १८९९ पासूनचं आहे आणि त्याच्या पेंदाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायची पेटी) वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, वरचं पुढे सरकतच नाही. मग स्लाईड कितीही ओढा, उपयोग नाही. मॅगझिन काढून मोकळं करावं लागतं. म्हणून भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना, ते बघायचं. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांना मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा मिळते, त्यांच्यात हे जास्त होतं.

जुन्या पिस्तुलात मी आधी मॅगझिनवर संशय घेतो, मग एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे झाडलेलं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्यावर. मॅगझिन भरून ठेवल्याने त्यातली स्प्रिंग बसते असं म्हणतात, पण चांगली स्प्रिंग दबून राहण्यापेक्षा वारंवार दबण्या-सुटण्याने थकते. तुमच्या स्प्रिंगा आजोबांच्या काळच्या असतील तर वाद न घालता बदला. स्लाईडला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंगही. ती सैल झाली की स्लाईड मागे जोरात आपटते, आणि चीर जायची ती तिथून.

आजोबांच्या डब्यातली जुनी काडतुसं भरवशाची धरू नका. हिरवट डाग पडलेली तर नकोतच.

झाडून बघण्याआधी परवानाधारक कारागिराकडून चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) आणि सेफ्टी तपासून घ्या. मग अधिकृत रेंजवरच, नवीन काडतुसांनी, दोन मॅगझिनं असतील तर ती आलटून पालटून. एकच मॅगझिन अडकत असेल तर पिस्तुलाला दोष नाही. त्या मॅगझिनच्या तोंडाचे, काडतूस धरून ठेवणारे ओठ वाकलेत का, तेवढं बघून कळवा.