बंद पडलेल्या टॉमबॉयमधल्या जुन्या नोंदींचं काय? टॉमबॉय-एनजीवर विश्वास ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१० पासून टॉमबॉय या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सहाशेवर नोंदी केल्यात, नव्या लॅपटॉपवर टॉमबॉय बसत नाही, आणि कुणा नव्या डेव्हलपरने ते ‘टॉमबॉय-एनजी’ नावाने पुन्हा सुरू केलंय असं कळलं. तर नोंदी गेल्या का, आणि एका माणसाच्या भरवशावर चाललेलं हे नवं सॉफ्टवेअर धरावं का?

नोंदी गेलेल्या नाहीत, हे आधी सांगतो. जुनी हार्ड डिस्क शाबूत असेल तर तुमची एकूण एक नोंद तिथे आहे. आणि हो, टॉमबॉय-एनजी वापरा. मी वापरतो. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखा घाम मलाही फुटला होता.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. बागेत सगळा हिशेब छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतो. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) ऑक्टोबरात झाली की कितव्या दिवशी कोणती फवारणी, कितव्या दिवशी विरळणी, हे प्लॉटवार लिहून ठेवावं लागतं. वडील वहीत लिहायचे. मी २००९ साली संगणकावर लिहायला लागलो, तेव्हा माझ्या लिनक्स या संगणक प्रणालीत टॉमबॉय आयतंच होतं. त्याच नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाने बाग धरली. त्या दहा दिवसांत मी काय फवारलं, कधी फवारलं, कुठल्या ओळींत घड गेले आणि कुठल्या वाचल्या, हे सगळं टॉमबॉयच्या एका नोंदीत आहे. पुढे कधीही अवकाळी आला की मी पहिली तीच नोंद उघडायचो.

काही वर्षांनी मशिनवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि टॉमबॉय गायब. लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारात शोधलं तर तिथेही नाही. छाटणी तोंडावर आलेली आणि दहा वर्षांचा अनुभव कुठे गेला तेच कळेना. दोन रात्री नीट झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी होम फोल्डर उघडून कंट्रोल-एच दाबलं. लपलेले फोल्डर दिसायला लागले. ‘.लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘टॉमबॉय’ (नावं अर्थातच इंग्रजीत असतात). आत शेकडो फायली. प्रत्येकीचं नाव म्हणजे आकडे, अक्षरं आणि आडव्या रेघा मिळून ३६ खुणांची माळ आणि शेवटी ‘डॉट नोट’. त्यातली एक साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. वर एक्सएमएलच्या (खुणांमध्ये मजकूर मांडायची पद्धत) दोनचार ओळी, मग शीर्षकाच्या खुणेत ‘विहिरीचा प्लॉट’, आणि त्याखाली माझंच मराठी, जसंच्या तसं: ‘बोर्डो मारलं. दुपारनंतर पुन्हा ढग.’ (बोर्डो म्हणजे बुरशीवरची फवारणी.) सगळ्यात खाली नोंद कधी तयार केली, शेवटची कधी बदलली, त्या तारखा. या तारखा मजकुरासोबत फायलीच्या आतच असतात. म्हणून फाईल कितीही वेळा कॉपी केली तरी त्या पुसल्या जात नाहीत.

त्या दिवशी मला कळलं की टॉमबॉय बंद पडणं आणि नोंदी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ते बंद का पडलं? ॲलेक्स ग्रेव्हली यांनी २००४ मध्ये ते लिहिलं. २००६ साली ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या २.१६ आवृत्तीत त्याचा समावेश झाला आणि ते घरोघरच्या लिनक्सवर पोचलं. पण ते सी-शार्प या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत होतं, म्हणजे लिनक्सवर चालायला मोनो नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागायचं, शिवाय ग्नोमची त्या काळातली बरीच लायब्ररी. मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर मुक्त सॉफ्टवेअरने विसंबावं का, यावर २००९ मध्ये मोठा वाद झाला. त्याच वर्षी ह्यूबर्ट फिगियेर यांनी टॉमबॉय सी प्लस प्लसमध्ये उतरवलं आणि नाव दिलं ग्नोट. मूळ टॉमबॉयवर काम करणारे हळूहळू पांगले, त्याखालची लायब्ररी जुनी होत गेली आणि लिनक्सच्या वितरणांनी (उबुंटू, डेबियन अशा निरनिराळ्या रूपांनी) एकेक करून ते वगळलं. कुणी मुद्दाम मारलं नाही. पाया खचत गेला आणि डागडुजीला माणूस उरला नाही, एवढंच.

मग ऑस्ट्रेलियातले डेव्हिड बॅनन यांनी ते हाती घेतलं. त्यांनी काय केलं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या ‘विश्वास ठेवावा का’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. त्यांनी जुना कोड दुरुस्त केला नाही. सगळं कोऱ्या पाटीवर, फ्री पास्कल आणि लॅझारस ही पास्कल भाषेची अवजारं वापरून नव्याने लिहिलं. मोनो नाही, त्या जुन्या लायब्ररी नाहीत. लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर चालतं. पण एक गोष्ट त्यांनी जशीच्या तशी ठेवली: त्या डॉट नोट फायलींची रचना. तेच एक्सएमएल, त्याच खुणा. जुन्या टॉमबॉयची नोंद नव्याने वाचावी आणि नव्यात लिहिलेली जुन्यालाही वाचता यावी, या बेताने ते बांधलंय. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर जुना आणि नवा दोन्ही प्रकल्प ‘टॉमबॉय-नोट्स’ या एकाच नावाखाली शेजारी शेजारी आहेत.

म्हणजे जिवंत झालं ते काय? प्रोग्रॅम नव्हे, त्याचा एक धागाही नव्यात नाही. जिवंत राहिली ती नोंद लिहिण्याची पद्धत. माझ्या मते पुनरुज्जीवन करावं तर असं. कित्येक जण जुनं नाव घेतात, चकचकीत रूप देतात आणि तुमच्या जुन्या फायली मात्र ‘इम्पोर्ट’ करून आपल्या बंद डेटाबेसमध्ये कोंबतात. बॅनन यांनी आधी आपल्यासारख्यांच्या फायलींचा विचार केला, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

(लॅझारस हे नावसुद्धा मेलेल्यातून उठलेल्या बायबलमधल्या माणसाचं आहे. मेगिडो नावाचा एक प्रकल्प फसला, तेव्हा १९९९ मध्ये त्यातल्या काहींनी लॅझारस सुरू केला. पडलेलं काम उचलणाऱ्यांच्याच अवजारांनी टॉमबॉय पुन्हा उभं राहिलं, हे मला भारी वाटतं.)

रोजच्या वापरात काय फरक पडेल? पहिली ओळ म्हणजे शीर्षक, सेव्ह करायचं बटण नाही, नोटबुकांमध्ये वर्गवारी, हे सगळं ओळखीचं आहे. जुन्यातले ॲड-इन (वरून जोडायचे जास्तीचे भाग) मात्र चालणार नाहीत. तुम्ही त्यांवर विसंबून असाल तर ती सोय गेली असं समजा.

टॉमबॉयचा जीव ज्या गोष्टीत होता ती नव्यातही आहे. एका नोंदीचं शीर्षक दुसऱ्या नोंदीत टाईप केलं की तो आपोआप दुवा होतो. पण मराठीत लिहिणाऱ्याने इथे एक काळजी घ्यावी. दुवा व्हायला शीर्षक सुटं, जसंच्या तसं यावं लागतं, आणि आपल्या भाषेत नाव वाक्यात शिरलं की त्याचं रूप बदलतं. ‘विहिरीचा प्लॉट’ अशी नोंद असली तरी मी लिहिताना ‘विहिरीच्या प्लॉटात भुरी दिसली’ असं लिहितो (भुरी हा द्राक्षावरचा रोग). दुवा होत नाही. ‘सोनाका’ या द्राक्षाच्या वाणाचं ‘सोनाकाला’ झालं की तिथेही नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण कळणारही नाही. मी यावर असा तोडगा काढलाय: वाक्य मनासारखं लिहायचं आणि नोंदीच्या तळाशी एका ओळीत मूळ शीर्षकं मांडायची, ‘विहिरीचा प्लॉट, सोनाका, भुरी’. आपले लोक फाईलवर विषय लिहून ठेवतात तसं. सवय लागायला एक हंगाम गेला, पण आता भुरीची नोंद शोधली की पंधरा वर्षांचा भुरीचा इतिहास समोर येतो.

दुसरं, नव्यात मजकूर लिहायची चौकट ‘केमेमो’ नावाच्या वेगळ्या घटकावर चालते. म्हणून सगळा संसार हलवण्याआधी तुमच्या मशिनवर एक कोरी नोंद उघडा, ‘लक्ष्मी’, ‘कर्त्री’, ‘पट्टी’, ‘वाऱ्याने’ असे जोडाक्षरांचे शब्द लिहा, कर्सर बाणांनी मागेपुढे न्या, मधलं एखादं अक्षर खोडून पाहा. फॉन्टही बदलून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता हलवायचं कसं. जुन्या डिस्कवरचा अख्खा टॉमबॉय फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह कपाटात ठेवा. त्याला पुन्हा हात लावायचा नाही. जुनं मशिन विंडोजचं असेल तर फोल्डर ‘ॲपडेटा’, ‘रोमिंग’, ‘टॉमबॉय’, ‘नोट्स’ असा सापडेल. मग दुसरी कॉपी करून त्यातल्या डॉट नोट फायली टॉमबॉय-एनजीच्या नोंदींच्या फोल्डरमध्ये टाका. तो कुठे आहे ते सेटिंगमध्ये दिसतं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा आणि पंधरावीस नोंदी जुन्याशी पडताळून पाहा. जुनं आणि नवं दोन्ही एकाच फोल्डरवर एकाच वेळी चालवू नका. आणि जुन्या फोल्डरच्या आत ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर दिसला तर तो टाकून देऊ नका, टॉमबॉयमधून खोडलेल्या नोंदी तिथे पडून असतात. मला तिथे २०१३ ची एक नोंद सापडली, पाणीटंचाईच्या वर्षी टँकरचे दर आणि कोणत्या प्लॉटला किती पाणी दिलं त्याची. मीच कधीतरी खोडली होती. त्या वर्षी बाग कशी जगवली याचा दुसरा कागद घरात नव्हता.

दोन मशिनांवर नोंदी सारख्या ठेवायच्या असतील तर सामायिक फोल्डरवरून मेळ घालायची सोय आहे, गिटहबवरच्या आपल्या खाजगी साठ्यामार्फतही होतं. पूर्वी बरेच जण यासाठी उबुंटू वन ही ऑनलाइन साठवणीची सेवा वापरायचे, ती सेवा २०१४ मध्ये बंद झाली. तुम्हीही त्यातले असाल तर घाबरू नका, टॉमबॉयची नोंद आधी आपल्याच डिस्कवर असते.

राहिला एका माणसाचा भरवसा. काळजी खरी आहे. उद्या बॅनन यांनी हात टेकले तर? पास्कल जाणणारे आता कमी झालेत, त्यामुळे पुढचा माणूस लगेच मिळेलच असं मी म्हणणार नाही. पण टॉमबॉय-एनजीचा कोड उघडा आहे, ते डेबियनच्या भांडारातही आहे, आणि नोंदी मार्कडाऊन या सोप्या मजकूर-पद्धतीत किंवा साध्या मजकुरात बाहेर काढता येतात. शिवाय ग्नोट आहेच. त्याचे सांभाळणारेही एकदोनदा बदलले, तरी ते चालू राहिलं. तुम्ही फक्त ग्नोम वापरत असाल तर ग्नोटही बसवून पाहा, मला विंडोजवरही नोंदी लागतात म्हणून मी टॉमबॉय-एनजीकडे आलो. आणि हे सगळं एकाच दिवशी बुडालं तरी ती ३६ खुणांच्या नावाची फाईल साध्या एडिटरमध्ये उघडेल आणि ‘बोर्डो मारलं’ हे वाचता येईल.

पेन ड्राइव्हचं काम तेवढं आजच उरका, जुन्या डिस्का सांगून जात नाहीत. फायली टाकल्यावर एखादी नोंद उघडलीच नाही तर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वरच्या चार ओळी इथे टाका, बघू.