कॅफेटेरियातल्या टेबलांपेक्षा वर्गाकडे बघा

ताई, तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीतल्या मुलीच्या हायस्कूलमध्ये जेवायला देशी मुलं एका टेबलावर, कृष्णवर्णीय दुसऱ्या, लॅटिनो तिसऱ्या, पालक समितीतून 'मिसळून जेवायचा दिवस' सुचवावा का? सुचवा, बिघडत काही नाही. पण इथेच हायस्कूलला शिकवते म्हणून सांगते, त्या अर्ध्या तासात पोरं आपापल्या माणसांत बसणारच. आपण तरी ऑफिसात डबा कुणाबरोबर उघडतो?

मिसळायला हवं ते वर्गात. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं एकदम एका वर्गात आली आणि हाणामाऱ्या सुरू झाल्या. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की वर्गातली चढाओढच अशी आहे की दुसरा चुकला तर आपला फायदा. त्यांनी छोटे मिश्र गट केले, धड्याचे तुकडे पाडले आणि एकेकाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र अख्ख्या धड्यावर. इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मुलाला हसत बसलं तर त्याचा तुकडा कळत नाही आणि आपलेच गुण जातात. मग पोरं त्याला धीराने प्रश्न विचारू लागली. हीच ती जिगसॉ पद्धत. मी ती इतिहासाला वापरते. गट मीच पाडते आणि बरेच आठवडे मोडत नाही. सुरुवातीला कुरकुर होते, होऊ द्यायची.

पण खरी अडचण ऑनर्स आणि एपीची, म्हणजे वरच्या पातळीच्या आणि कॉलेजच्या तोडीच्या वेगळ्या वर्गांची. शाळेच्या दारातून सगळे एकत्र शिरतात आणि पहिल्या तासालाच वाटा फुटतात. एपी केमिस्ट्रीत बहुतेक आपली आणि चिनी मुलं असतील, तर जिगसॉ करून मिसळणार कोण कुणात? जरा कडू बोलते: प्रवेश खुला करा म्हटलं की 'दर्जा घसरेल' म्हणत आधी उभी राहतात ती आपलीच मंडळी.

समितीत दोन गोष्टी मागा. ऑनर्ससाठी शिक्षकाच्या शिफारशीची अट काढायची, पण जोडीला शाळा सुटल्यावर शिकवणीची सोय हवीच. नुसतं दार उघडून पोराला आत ढकलण्यात अर्थ नाही. दुसरी, लेट बस, म्हणजे संध्याकाळी उशिरा सुटणारी शाळेची बस. नाटक, बँड, रोबोटिक्स संध्याकाळपर्यंत चालतं. ज्याला न्यायला घरून कुणी येऊ शकत नाही, तो नेहमीची बस धरून निघून जातो. रोबोटिक्समध्ये मग कोण उरतं, एकदा जाऊन बघा. बसला पैसा लागतो आणि शाळा मंडळाचं बजेट वसंतात मंजूर होतं, तेव्हा हा विषय हिवाळ्यातच काढा.