संघात जाऊन मी काय करू?

"माई, नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत राहते. वय 67. हे मुंबईला कंपनीत होते. ते गेल्यापासून त्यांची थोडीशी पेन्शन मला येते. मुलगा-सून विरारला. गणपतीत आणि मे महिन्यात घर भरतं, एरवी मी एकटी. बाजारपेठेच्या गावात ज्येष्ठ नागरिक संघ आहे. त्यांचे सेक्रेटरी, रिटायर्ड गुरुजी, सभासद व्हा म्हणून घरी येऊन गेले. वर्षाची वर्गणी तीनशे रुपये. पण तिथे सगळे पुरुष. बायका दोघी-तिघी, त्या चहा करतात असं ऐकलं. मुलगा म्हणतो, आई, तिथे नुसतं राजकारण असतं, तू पडू नकोस. मला कळत नाही, जाऊन मी काय करू? आमची सकाळची एसटी बंद झाली, त्यामुळे ब्लडप्रेशर तपासायला रिक्षाला पैसे मोजावे लागतात. मी आगारात अर्ज दिला होता, कोणी विचारलंसुद्धा नाही. दुसरं म्हणजे शेजारच्या काकी. वय 74, मूलबाळ नाही. घर आणि आंब्याची कलमं पुतण्याला बक्षीसपत्राने दिली. आता तो जेवलीस का म्हणून विचारत नाही. काकी म्हणतात, कुणाला सांगू नको, घराची अब्रू जाईल. मी त्यात पडू का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या मुलाचं म्हणणं घेते, कारण तो अगदीच काही चुकीचं बोलत नाहीये. संघांमध्ये राजकारण असतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठीवर देणगीदार पुढाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं आणि निवडणूक जवळ आली की तो पुढारी त्या खुर्च्यांवर बसलेली माणसं मोजायला येतो. 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं तासभर भाषण, आणि सभासदांनी प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा बटाटेवडे आलेले असतात. काही संघांत एकच माणूस वर्षानुवर्षं अध्यक्ष. हे सगळं खरं. पण राजकारण तुमच्या वाडीच्या मुंबई मंडळात नाही का? तिथे तर गणपतीच्या सभेत खुर्च्या उचलायची वेळ येते. म्हणून तुमच्या मुलाने मंडळाची वर्गणी बंद केली का? विचारा त्याला. नाही केली, कारण देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडीच्या पायऱ्या, शिमग्याची पालखी हे एकट्यादुकट्याचं काम नाही हे त्याला पुरतं ठाऊक आहे.

संघाचं काम याच जातीचं आहे. तुमच्या एसटीवरूनच सांगते.

तुम्ही अर्ज दिलात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घेतलात का? बहुतेक नाही. मग तो अर्ज दिला होता हे सांगायला तुमच्या शब्दाखेरीज काही नाही. तिकडे आगारात हिशोब चालतो तो गाडीत किती माणसं बसली त्याचा. आपल्याकडची माणसं कमी होत चालली आहेत. 2001 ते 2011 च्या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, रत्नागिरीची तर सुमारे 17 लाखांवरून 16 लाखांवर आली. तरणी पोरं मुंबई-पुण्याला, मागे आपण. प्रवासी कमी म्हणून फेरी तोट्यात, तोट्यात म्हणून बंद, आणि बंद झाली की अडतात नेमकी तीच माणसं ज्यांना स्कूटर चालवता येत नाही. सरकारने 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट केली, 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट आहेच. तुम्ही बाई असल्यामुळे 2023 पासून तुम्हाला अर्धं तिकीट तसंही लागतं. पण वाडीत गाडीच येत नसेल तर त्या सवलतीचं करायचं काय, पाटावर मांडून पूजा?

हाच अर्ज संघाच्या लेटरहेडवर जाऊ दे. "ज्येष्ठांची गैरसोय होत आहे तरी कृपया" असलं गुळमुळीत काही लिहू नका. तुमच्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या साठीवरच्या माणसांची यादी करा: नाव, वय, वाडी, दवाखान्यात महिन्यातून किती वेळा जावं लागतं. नवीन गाडी मागू नका, ती मिळणार नाही. शाळेच्या वेळेची जी फेरी अलीकडच्या फाट्यावरून परत फिरते ती पुढे तुमच्या वाडीपर्यंत आणा, एवढंच मागा. जोडीला ग्रामसभेचा ठराव लावा आणि एक प्रत विभाग नियंत्रकांकडे पाठवा. महिन्याने गुरुजींनी आणि तुम्ही दोघांनी जाऊन विचारायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा. तुमचा मुलगा हे विरारहून करू शकत नाही, आणि तुम्ही एकट्या दर महिन्याला रिक्षा करून आगारात खेटे घालू शकत नाही. संघाने वाटून घेतलं तर जमतं.

गाडी सुरू होईलच असं मी म्हणत नाही. संघटना हरतातही. रेल्वेची सवलत बघा ना. साठीवरच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांवरच्या बायकांना 50 टक्के सूट होती. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या निमित्ताने ती गेली आणि निवेदनांमागून निवेदनं देऊनही पुन्हा सुरू झालेली नाही. तुमची पेन्शन बहुधा ईपीएस-95 ची, म्हणजे कंपनीतल्या नोकरदारांच्या पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, असावी. तिची किमान रक्कम 2014 पासून एक हजार रुपयांवर अडकलेली आहे. पेन्शनरांच्या संघटना ती साडेसात हजार करा म्हणून वर्षानुवर्षं धरणं धरून बसतात. (जाता जाता: या पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायला हवा असं नाही. वर्षात केव्हाही द्या, दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. पोस्टमनही घरी येऊन करून देतो. नोव्हेंबरात बँकेच्या दारात उन्हात उभ्या राहू नका.)

पण हरणाऱ्यांतच जिंकणारेही असतात. 1982 मध्ये सुप्रीम कोर्टाने नकारा खटल्यात निकाल दिला की पेन्शन ही मेहेरबानी नाही, ती नोकरी केलेल्या माणसाची हक्काची कमाई आहे. 17 डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो त्या निकालाचा. त्या खटल्यात दोन निवृत्त अर्जदार होते आणि तिसरी एक नोंदणीकृत संस्था होती. थकलेल्या, एकेकट्या माणसांना कोर्टाची पायरी चढणं जमत नाही, त्यांच्या वतीने संस्था उभी राहू शकते, हे कोर्टाने तिथे मान्य केलं. आपल्या राज्यात गावोगावच्या संघांचा महासंघ आहे, फेस्कॉम, 1980 पासूनचा. तुमच्या बाजारपेठेतला संघ त्याला जोडलेला आहे का हे गुरुजींना विचारा. जोडलेला असेल तर तुमच्या वाडीतली गोष्ट वरपर्यंत जायला निदान वाट आहे.

अमेरिकेत याच कामाची एएआरपी नावाची प्रचंड संस्था आहे, पन्नाशीपासून सभासद होता येतं. ती 1958 मध्ये एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने काढली. त्याआधी तिने निवृत्त शिक्षकांची संघटना बांधली होती. एक जुनी शिक्षिका कोंबड्यांच्या खुराड्यात राहते आहे हे तिच्या पाहण्यात आलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसांना आरोग्य विमा द्यायला तेव्हा कंपन्या तयार नसत. बाई एकेका कंपनीचं दार ठोठावत राहिली आणि शेवटी एकाने होय म्हटलं. पुढे त्या संस्थेला विम्याच्या व्यवहारातूनच मोठं उत्पन्न मिळायला लागलं आणि तुम्ही म्हाताऱ्यांच्या बाजूचे की विमा कंपनीच्या, असं लोक तिला विचारू लागले. हे मी मुद्दाम सांगते आहे. तुमच्या संघातही पैसा कुठून येतो ते बघा. वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवतात का? आणि सभेत कुणी "गुंतवणूक मार्गदर्शन" करायला आला, किंवा गोड बोलणारा जमिनीचा दलाल चहापाण्याचा खर्च उचलायला लागला, तर तिथेच उठून विचारा की याला बोलावलं कोणी. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा सातबारा कोणाला नको असतो?

आता काकी. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं ते त्यांच्यासाठी.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे. त्याचा अर्ज प्रांत ऑफिसात करायचा, प्रांतसाहेब हेच त्या न्यायाधिकरणाचे प्रमुख. मूल नसलेल्या माणसाची मालमत्ता ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे त्याच्याकडून पोटगी मागता येते, म्हणजे पुतण्या सुटत नाही. रक्कम महिना दहा हजारांपर्यंत. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा, फार तर 30 दिवस वाढवून, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात रेंगाळतं, पण दिवाणी दाव्यासारखं पिढ्यान् पिढ्या नाही. आणि तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा: काकींना स्वतःला जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था त्यांच्या वतीने अर्ज करू शकते, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. तुम्ही एकट्या गेलात तर वाडीत "ही कोण नाक खुपसणारी" होईल आणि उद्या पुतण्याच्या बायकोशी विहिरीवर गाठ पडेल. संघाच्या नावाने गेलं की तो राग तुमच्या एकटीच्या दारात येत नाही. मला विचाराल तर तीनशे रुपयांत एवढं एक मिळालं तरी पुष्कळ झालं.

बक्षीसपत्राचं मात्र जपून. त्या कायद्याचं कलम 23 सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. अट मात्र दाखवता आली पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका आईच्या बाजूने निकाल दिला. तिच्या मुलाने शेवटपर्यंत सांभाळीन असं वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं, ते कामाला आलं. तेव्हा काकींच्या ट्रंकेत किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात तो दस्त असेल तो काढा. मजकुरात "पालनपोषण", "सांभाळ", "हयातीपर्यंत राहण्याचा हक्क" असे शब्द आहेत का ते पाहा. दस्त सापडला नाही तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळते. दस्त हा कायदा लागू होण्याआधीचा असेल तर कलम 23 लागणार नाही, पण पोटगी मागायला तरीही आडकाठी नाही.

पण पहिली पायरी प्रांत ऑफिसची नाही. "अब्रू जाईल" म्हणणाऱ्या बाईला हाताला धरून ओढत नेऊ नये. गुरुजींसारखं वयाने मोठं, पुतण्या ज्यांच्या हाताखाली शिकला असेल असं माणूस संघातर्फे त्याच्याकडे जाऊन बसू शकतं. बऱ्याच ठिकाणी "काकींना दोन वेळचं वाढ, नाहीतर हा कागद पुढे जाईल" एवढ्यावर काम होतं. तोवर काकींच्या हातात काहीतरी पडू दे. सगळं देऊन टाकल्यामुळे त्यांचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेत महिना दीड हजार मिळतात, तलाठ्याकडून सुरुवात करा. 70 वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आणि पुतण्याने कधी हात उगारला किंवा कडी लावून घेतली, तर अब्रूबिब्रू बाजूला ठेवून 14567 लावा. ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट, सकाळी आठ ते रात्री आठ. अपरात्री असेल तर 112.

चहाचं राहिलं. पहिल्या दिवशी तुमच्या हातात पातेलं दिलं तर हसत सांगा, "आज गुरुजी करतील, मी अर्ज लिहिते." एकदाच सांगायचं, पण पहिल्याच दिवशी. एकट्या जाऊ नका, वाडीतली आणखी एक कुणीतरी, बचत गटातली चालेल, सोबत घ्या. बचत गटात हिशोब ठेवलेल्या बाईला इतिवृत्त लिहायला कुणी शिकवावं लागत नाही. आणि सभेची वेळ विचारा. संध्याकाळी पाचची सभा म्हणजे शेवटची गाडी चुकणार, म्हणूनच तुमच्याकडच्या बायका येत नसतील. सभा सकाळी अकराला घ्या, ही तुमची पहिली मागणी असू दे. अगदी वाढदिवस आणि सहलींपलीकडे काही करायचंच नाही असं त्यांचं धोरण दिसलं, तर वर्षाने वर्गणी थांबवा. मात्र वाढदिवसांना नाकं मुरडू नका. कोण दोन महिने आलं नाही, कोण काठी टेकत आलं, कुणाच्या ब्लाउजला बटणाऐवजी पिन लागली, हे तिथेच कळतं.

मुलाला सांगा की मी सभासद झाले, परवानगी मागू नका. वर्गणीची पावती घ्या.

काकींना विचारून तो दस्त तेवढा बघा आणि त्यातला अटींचा मजकूर उतरवून मला पाठवा, नावं गाळून. अर्जाचा मसुदा त्यावरून ठरवू.

तुमची,
माई